काजळीच्या पाठीवरचा कोंडा

“हिच्या अंगाला काही लावलंय का?” डॉक्टर वृषालींनी विचारलं.

जनावरांच्या दवाखान्यात स्टीलच्या टेबलावर काजळी मांजर आडवी पडली होती. कान फडफडत होते, तोंडातून लाळ गळत होती, मागचे पाय राहून राहून ताठ होत होते. सावळेरामांनी तिच्या मानेवर हात ठेवला.

“खोबरेल लावलं व्हतं. पाठीवर कोंडा झाला व्हता.”

“आणखी काही?”

“न्हाई.”

दारापाशी शेळीची दोरी धरून उभा असलेला चिमाजी हसला. “आवो मॅडम, त्यांना काय इचारता? आमच्या पिंपळवंडीचे डॉक्टर हायत ते. आज डॉक्टरच डॉक्टरकडं आलं म्हणायचं!”

सावळेराम हसले नाहीत. टेबलाच्या पलीकडे त्यांची बायको इंद्रायणी उभी होती. ती मांजराकडे पाहत नव्हती, त्यांच्याकडे पाहत होती.

सावळेराम डॉक्टर नव्हते. दूध सोसायटीत कृत्रिम रेतनाने गाई भरवण्याचं काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. मोटरसायकलला मागे रेताच्या कांड्या ठेवायचं नायट्रोजनचं भांडं बांधून ते वस्त्यावस्त्यांवर फिरायचे. हात हलका होता, वेळेला धावून जायचे, त्यामुळे लोक डॉक्टर म्हणू लागले. सुरुवातीला ते म्हणायचे, “डॉक्टर कसला, राव!” मग म्हणेनासे झाले. एकदा पुतण्याच्या लग्नपत्रिकेत त्यांच्या नावामागे ‘डॉ.’ छापून आलं. त्यांनी ती पत्रिका शोकेसमध्ये काचेला टेकवून ठेवली. अजून तिथेच होती.

काजळी होती काळीभोर, त्यामुळे पाठीवरचा कोंडा लगेच दिसायचा. शेपटीच्या वर, कमरेपाशी, पांढरी भुकटी पसरल्यासारखा. ती उठून गेली की सतरंजीवर सडा पडायचा. परवा नात हर्षाली कॉलेजला निघाली, तर काळ्या कुर्त्यावर सगळीकडे कोंडाच.

“आजोबा, हिला काय झालंय? मैत्रिणी हसतात मला. चिकटेल का हे?”

“अवं, तुमी डॉक्टर ना,” इंद्रायणी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, “घरच्या पेशंटकडं बघा की जरा.”

ती चेष्टाच होती. ‘मला मांजरातलं कळत नाही’ एवढंच म्हणायला हवं होतं. पण नातीसमोर ते वाक्य तोंडातून निघेना. खरूज असेल किंवा किडे असतील असा त्यांनी अंदाज बांधला. किडे म्हटल्यावर हात गोठ्यातल्या फळीकडे गेला. तिथे गोचिडाच्या औषधाची बाटली होती. गाईला टोपणभर औषध बादलीत, हे पाठ. मांजर गाईच्या मानाने केवढंसं, तेव्हा वाटीभर पाण्यात थोडे थेंब. वजनाचा हिशेब चोख केला होता. काल दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी फडकं भिजवून काजळीची पाठ चोळून काढली. मांजर ते चाटून घेईल हे लक्षातही आलं नाही.

सकाळी ती पाण्याच्या भांड्यापाशी थरथरताना सापडली. इंद्रायणीने तिला टोपलीत घातलं आणि दोघं रिक्षाने आळेफाट्याला आले.

“काका,” डॉक्टर वृषाली म्हणाल्या, “खोबरेलाने मांजराला असे झटके येत नाहीत. काय लागलंय ते कळलं तर इलाज करता येईल. नाहीतर मी अंधारात चाचपडतेय, आणि हिच्याकडे तेवढा वेळ नाही.”

चिमाजीची शेळी ओरडली. तो तिला थोपटू लागला, पण कान इकडेच होते. काजळीचा पाय पुन्हा ताठ झाला आणि नखं टेबलावर करकरली.

“गोचिडाचं,” सावळेराम म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. “गोचिडाचं औषध लावलं मी. गाईचं.”

डॉक्टरांनी लगेच गुंगीचं इंजेक्शन दिलं, मदतनिसाला कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण आणायला सांगितलं. काजळीला धुताना त्या शांतपणे बोलत होत्या, रागावून नाही. “गाईचं, कुत्र्याचं शरीर हे औषध मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताला ते जमत नाही. कमी दिलं म्हणून भागत नाही, काका.”

धुण्याआधी त्यांनी पाठीवर चिकटपट्टी दाबून कोंडा उचलला होता. झटके थांबल्यावर तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. “किडा नाही, बुरशीही दिसत नाही. वय झालंय हिचं, अंगानेही जड झालीय. कंबर वळत नाही, म्हणून जीभ तिथे पोचत नाही आणि कोंडा साठतो. रोज हलक्या हाताने विंचरा. कोरड्याऐवजी ओलं खायला द्या. साबण, तेल काही नको. थोडं थोडं करून खाणंही कमी करू.”

“विंचरायचं?” सावळेरामांनी विचारलं.

“हो. सध्या एवढंच.”

बाहेर बाकावर दोघं काजळी शुद्धीवर यायची वाट पाहत बसले. हायवेवरून टोमॅटोचे टेम्पो जात होते.

“मला वास आला व्हता,” इंद्रायणी म्हणाली. “कालच. फडक्याला.”

“मग आत बोलली का न्हाई?”

“चिमाजी व्हता ना.” तिने मांडीवरची रिकामी टोपली सरळ केली. “म्हटलं, तुमी बोलाल. लई येळ लावला तुमी.”

काजळी वाचली. चिमाजीने गावात कुणाला काही सांगितलं नाही. उलट रस्त्याने जाताना तो पूर्वीपेक्षा जरा मोठ्यानेच हाक मारायचा, “काय डॉक्टर, बरं हाय ना?” सावळेराम हात वर करायचे आणि गोठ्यात शिरायचे. शोकेसमधली पत्रिका त्यांनी कधी काढली, घरात कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी इंद्रायणी ओट्यावर काजळीला मांडीवर घेऊन विंचरायची. कोंडा दिवसेंदिवस कमी होत होता. सावळेराम जवळ आले की काजळी उठून जायची. त्यांनी हात साबणाने धुऊन पाहिले, राखेने घासून पाहिले. तरी उठायचीच.

मग ते उकडलेल्या मासळीचं पाणी कोमट करून वाटीत आणायचे, ओट्याच्या कडेला ठेवायचे आणि दाराआड जाऊन उभे राहायचे. थोड्या वेळाने वाटीत जिभेचा लपलप आवाज सुरू व्हायचा. तो थांबेपर्यंत ते तिथेच उभे असायचे, हलायचे नाहीत.