तंबाखूचं पाणी

मला अजून नीट कळलेलं न्हाय. तीन महिनं झालं, पण कळलेलं न्हाय. म्हणून पहिल्यापास्नं सांगते, तुमास्नी काय कळलं तर मलाबी सांगा.

मी शालूबाई. निपाणीकडनं सदलग्याला जाताना आमचं गाव लागतंय. तिथल्या मराठी प्रायमरी शाळेत मी पोरांचं दुपारचं जेवण करते. एकसष्ट पोरं. त्याआधी वीस वर्सं निपाणीत तंबाखूच्या वखारीत होते. माझी आई बी त्याच वखारीत. तोंडाला पदर बांधून चाळणीम्होरं बसायचं, आणि तरी घरी आल्यावर भाकरी तिखट लागायची. आई खोकून खोकून गेली. मला खोकला लागला तवा डॉक्टरनं सरळ सांगितलं, वखार सोड, न्हायतर आईच्या वाटंनं जाशील. सात वर्सांमागं शाळेतली ही जागा मिळाली. पैसा कमी, पण खोकला थांबला. ही जागा गेली तर मला परत वखारच, दुसरं काय येतंय मला?

दोन वर्सांमागं बेळगावास्नं रचना टीचर आल्या. पोरगी चांगली, पण एका जागी बसंल तर शपथ. आपली शाळा पर्यावरणाला धरून चालली पायजे, असं त्यांनी डोक्यात घेतलं. प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या. केळ्याच्या साली खड्ड्यात गेल्या, पोरांच्या हात धुण्याचं पाणी केळीला गेलं. इथवर बरं होतं. मग ऑफिसातनं आलेला कागद दाखवून म्हणाल्या, ताटं राखेनं घासा, साबणाचं पाणी जमिनीला वाईट. घासली राखेनं. दोन महिन्यांनी वरनं पत्र आलं, ताटं साबणानंच घासायची, राख चालणार न्हाय. बरं, साबणानं घासली. आता ह्यात माझं काय चुकतंय ते सांगा. दोन्ही कागदांवर शिक्का एकाच ऑफिसचा.

मग टीचरनी शाळेमागं परसबाग केली. वांगी, घेवडा, मेथी. पोरांनीच आळी केली, पोरांनीच पाणी घातलं. शेंड्याला काळा किडा लागला तवा टीचर रडकुंडीला आल्या. दुकानातलं औषध मारायचं न्हाय, रसायन नको, हे त्यांचंच म्हणणं. मी आपली बोलून गेले. आमची आई तंबाखूच्या काड्या रातभर भिजत घालायची, पाणी गाळून झाडावर मारायची, किडा पटापटा गळायचा. टीचरचा चेहरा असा फुलला की काय सांगू. म्हणाल्या, हे तर एकदम नैसर्गिक.

काड्यांचा काय तोटा? शाळेच्या कुंपणाला लागून तंबाखूचंच रान हाय. आणि त्या रानाकडं तोंड करून आमच्या गेटावर बोर्ड हाय, तंबाखूमुक्त शाळा. रस्त्यावर पिवळी रेघ मारलीया, तिच्या आत तंबाखू आणायची न्हाय. मी पोत्यात काड्या घालून ती रेघ ओलांडून आले. हेडमास्तर यल्लाप्पा सरांनी पोतं बघितलं. टीचरना म्हणाले, चांगलं काम हाय. मला म्हणाले, आतल्या खोलीत ठेवा, कुणाला दिसू देऊ नका. चांगलं काम हाय तर लपवायचं कशाला, हे मी इचारलं न्हाय. इचारायला पायजे होतं.

टीचरना मात्र मी एक गोष्ट दोनदा सांगितली. पाणी मारल्यावर आठ दिस वांग्याला हात लावायचा न्हाय. आई तर आम्हा पोरास्नी त्या वाफ्यात पाय ठेवू देत नव्हती. वखारीत नवी बाई ओल्या तंबाखूत हात घालून बसली की दुपारपातूर गरगरून पडायची, उलट्या करायची. ते पोटात गेलं तर काय हुईल? टीचरनी व्हय व्हय म्हटलं. पण नैसर्गिक म्हंजे निर्मळ, असं त्यांच्या मनात घट्ट बसलेलं, माझ्या मनात न्हाय.

एका गुरवारी तपासणीला साहेब आले. सकाळीच टीचरनी बुट्टीभर वांगी आणून ठेवली, साहेबांना आपल्या बागेतलंच जेवण द्यायचं म्हणून. वांगी कशी, तुकतुकीत. मी इचारलं न्हाय, कारण आठ दिस झालेतच असं मी धरलं. शेवटचं पाणी मीच मारलेलं, अकरा दिसांमागं. वांगी धुतली, चिरली, सांबारात टाकली.

पोरं वळीत बसली. साहेबबी मांडी घालून त्यांच्यात बसले, मला ते आवडलं. भात वाढला, सांबार वाढलं. पोरांनी डोळे मिटून श्लोक सुरू केला. चौथीतली ऋतिका मात्र डोळे उघडे ठेवून सांबाराकडं बघत होती. मी दटावलं, तर बारीक आवाजात म्हणाली, "आक्का, वास तसाच येतोय. परवा टीचरनी पाणी मारलं तवा आला तसा."

मी टीचरकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, व्हय, मारलंय, साहेब यायचे म्हणून. श्लोक संपत आलेला. आमच्याकडं श्लोक संपल्याबिगर कुणी घास घेत न्हाय, तेवढाच काय तो येळ माझ्या हातात होता.

"कुणी सांबाराला हात लावायचा न्हाय," मी म्हणाले. आणि साहेबांच्या म्होरलं ताट पहिलं उचललं.

यल्लाप्पा सर हुशार. लगीच म्हणाले, साहेब, पाल-बिल पडली असंल. माझ्याकडं बघून डोळ्यानं खुणावलं. मी व्हय म्हटलं असतं तर तेवढ्यावर भागलंबी असतं. पण मग उद्या उरलेल्या वांग्यांचं परत सांबार झालं असतं. म्हणून मी सगळं सांगितलं. काड्या, पाणी, आठ दिस, सगळं. साहेबांनी पोतं बघितलं, गेटावरचा बोर्ड बघितला, आणि लिहीत बसले. पोरांनी त्या दिवशी भात आणि केळी खाल्ली.

महिन्यानं दोन कागद आले. एक शाळेला, रसायनाबिगर परसबाग केली म्हणून शाबासकी. दुसरा मला, शाळेच्या आवारात तंबाखू आणली म्हणून नोटीस, कामावरनं का काढू नये ते लिहून द्या. दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवून बघितले. शाबासकी ज्या कामाची, नोटीसबी त्याच कामाची. टीचर रडल्या, माझं नाव घाला म्हणाल्या. सर म्हणाले, मग दोघींचंबी जाईल. दोघंबी वाईट मनाची माणसं न्हाईत, हेच तर मला जड जातंय.

सरांनीच मग तोड काढली. जबाब त्यांनीच लिहून आणला, मी फक्त सही करायची. अजाणतेपणी चूक झाली असं दिसलं की साहेब सोडून देतात म्हणाले.

मी म्हणाले, वाचून दाखवा.

सरांनी वाचलं, "तंबाखू आरोग्यास घातक असते, याची मला कल्पना नव्हती."

मी परत वाचायला लावलं. तेच होतं. सर म्हणाले, नुसती ओळ हाय, शालूबाई, मनावर घेऊ नका. टीचर खाली बघत होत्या. मला आईची शेवटची थंडी आठवली. उशीला टेकून बसलेली, दम लागल्यामुळं दोन शब्दसुद्धा एका वेळी बोलू शकत नव्हती. त्या अख्ख्या शाळेत ते पाणी काय असतंय हे मला एकटीलाच ठावं होतं. आणि मला ठावं नव्हतं असं मीच लिहून द्यायचं. राग आला, लई आला. पण वखारीचं दार डोळ्याम्होरनं हालंना.

मी सही केली.

मग चुलीकडं गेले. भात बुडाला लागलेला. वरचा वरचा काढून वाढला, पोरांनी श्लोक म्हटला आणि खाल्ला.