भीमराजचा जोहार

धोंडीबाने उठून टीव्हीचा खटका दाबला, आणि पडद्यावर वाकलेला त्याचा मुलगा एका पांढऱ्या ठिपक्यात विरून गेला.

"अहो बाबा! ऐन रंगात आलं होतं," अण्णासाहेब म्हणाले.

टीव्ही त्यांचा, खोली त्यांची. पिंपरीच्या त्या कामगार चाळीत दुसऱ्या कुणाकडे टीव्ही नव्हता, म्हणून दर आठवड्याला मालिका बघायला सगळे इथेच जमत. धोंडीबाच्या मुलाला, भीमराजला, मात्र पुढे खुर्ची असे. कंपनीत लेथवर काम करणारा भीमराज मालिकेत तुका येसकर, गावच्या वेशीवर राखण करणारा महार, झाला होता. काम पाटलाचं मोठं, येसकराचं चिमूटभर. पण लोकांच्या ध्यानात राहिला तो तुकाच. कमरेत मोडून, हात जमिनीला टेकवून तो "जोहार, मायबाप" म्हणाला की खोलीत हशा उसळे, टाळ्या पडत. कंपनीच्या गेटवर सुपरवायझर साहेबराव हाक मारी, "काय तुका, जोहार घातल्याबिगर आत जातोस व्हय?" आणि भीमराज हसत वाकून आत जाई.

"घरी चल," धोंडीबा म्हणाला.

कस्तुराने सासऱ्यापुढे ताट ठेवलं. त्याने ते सरकवलं.

"कुठं शिकलास त्यो जोहार?"

भीमराजने ताट पुन्हा बापापुढे लोटलं.

"बोल की. टीव्हीत तर लई बोलतोस."

"तुमचं बघून, बाबा. ल्हानपणी. पाटलाच्या दारात."

"उजवा पाय फरफटत मागं नेतोस. गुडघ्यावर काठी बसलेली माझ्या, म्हनून तसा जायचा त्यो. त्येबी उचललंस?"

"नाटक हाय ते. सोंग."

"माझं न्हवतं सोंग!" धोंडीबाचा आवाज चिरकला. "धम्माची दीक्षा घिऊन आलो त्या दिशी येसकराची काठी मोडून इहिरीत टाकली. त्यानंतर ही कंबर कुना मानसापुढं वाकली न्हाई. आन् तू ती उकरून दर आठवड्याला मांडतोस, टाळ्यांसाठी?"

आता भीमराजही पेटला. "टाळ्यांसाठी? लोकांना चीड यावी म्हनून करतो मी! जसं घडलं तसं दिसाया नको?"

"मंग आली चीड? कुनाला आली, नाव सांग."

स्टोव्हपाशी बसलेली कस्तुरा मान वर न करताच बोलली, "सोंग रंगल्यावर उतरून ठेवायचं असतं. तुमी गेटवर घालून जाता."

पुढचा आठवडाभर बापलेक एकमेकांकडे पाठ करून जेवले.

मालिकेच्या दिवशी अण्णासाहेबांच्या दारात पहिला आला तो धोंडीबा.

"आज बंद नाही ना करणार, बाबा?"

"न्हाई. टीव्ही तुमचा हाय."

तो टीव्हीच्या पायाशी जाऊन बसला. पडद्याकडे पाठ आणि माणसांकडे तोंड करून.

"अहो, उलटे बसलात."

"मला हिकडचंच बघायचंय."

कुणीतरी खुसखुसलं. मालिका सुरू झाली. पाटील ओसरीवर आला. येसकराच्या काठीची घुंगरं वाजली. खोली सरसावून बसली. तुका येसकर आला, उजवा पाय मागे फरफटला, कमरेत मोडला.

"जोहार, मायबाप."

अण्णासाहेबांचे दोन्ही हात टाळीसाठी वर आले आणि तसेच राहिले. त्यांच्यासमोर, पडद्यावरच्या वाकलेल्या पाठीच्या खाली, धोंडीबा ताठ बसला होता. उजवा गुडघा मुडपता येत नाही म्हणून पुढे लांब पसरलेला. तो एकेका तोंडाकडे बघत होता. ज्याच्याकडे बघेल त्याची मान खाली जात होती.

"हसा की," तो म्हणाला. "थांबलात का? हसा."

पडद्यावर पाटील काहीबाही बोलत राहिला.

माणसामाणसावरून सरकत धोंडीबाची नजर शेवटी खुर्चीवर आली आणि तिथेच थांबली. टाळ्यांची वाट बघताना भीमराजच्या ओठांवर आलेलं हसू अजून तिथेच होतं. ते पुसायला हात वर न्यावा, तर साऱ्या खोलीला दिसलं असतं.