काळ्या पट्ट्या

माझे सासरे चौकटवाले. भिंतीवर लावायच्या फोटोंना चौकटी करून देण्यात त्यांची हयात गेली. त्यांचा नियम एकच, फोटो आणि चौकट यांच्यात फट दिसता कामा नये. फोटो मोठा निघाला तर कापायचा. गिऱ्हाइकाला ते सांगत, "कडेला काय असतं हो, निम्मं आभाळ आणि दुसऱ्यांचे पाय."

असा माणूस टीव्हीवरच्या काळ्या पट्ट्या कसा खपवून घेईल? आमच्या ह्यांनी बाबांच्या लग्नाची जुनी टेप मीडिया प्लेयरमध्ये उतरवून आणली, तेव्हा चित्र चौकोनी आणि पडदा रुंद, म्हणून दोन्ही बाजूंना पट्ट्या आल्या. बाबांनी रिमोट घेतला, बटणं दाबदाब दाबली आणि पडदा काठोकाठ भरल्यावरच श्वास सोडला. तेव्हापासून दर रविवारी ते लग्न बघतात. खरं तर लग्न नाही, सासूबाईंचा चेहरा बघतात. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली.

आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, दोन दिवसांसाठी आल्या होत्या. जन्मभर शिवणकाम केलं, आता नजर अधू झाली आहे. एकट्याच राहतात. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते म्हणाल्या. आमची मागची खोली रिकामी. इथेच या राहायला, असं मी तीनदा म्हणाले, आणि तीनदा त्यांनी विषय बदलला.

दुपारी भांडी विसळताना मी पुन्हा टुमणं लावलं, तेव्हा त्या एकदाच बोलल्या.

"हे बघ पोरी, मागच्या वेळी आले तेव्हा दादाने ती फिल्म लावली होती. सगळी होती त्यात, फोटोवाल्याचा मेव्हणासुद्धा. मी कुठेच नाही. वहिनीचा पोशाख मी शिवलेला, दिवसभर तिच्या पायाशी मी. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतून मला कापलं, ते मी गिळलं. चौकट आधी करून ठेवली होती म्हणे. पण फिल्ममधूनसुद्धा? ज्या लग्नात मी नव्हतेच, त्या घरात येऊन काय करू?"

मी म्हटलं, "बाबांना विचारलंत का?"

"काय विचारायचं? दिसत होतं की."

भावाबहिणींची ही तऱ्हा! दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसणार आणि मधल्या मधे माझा जीव जाणार. मला राग आला, बाबांचाही आणि आत्यांचाही.

चार वाजता चहा झाला. रविवार होता, बाबांनी सवयीने लग्न लावलं. आत्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. पडद्यावर लग्नाच्या रजिस्टरवर सह्या चालल्या होत्या, पण टेबल दिसत नव्हतं. नवरदेवाच्या पाठीमागे उभ्या असलेल्या काकांना कपाळच नव्हतं. इतके रविवार मी हे बघत आले, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो त्या दिवशी. वरून काकांचं कपाळ गेलं, तर खालूनही काहीतरी गेलंच असणार.

"बाबा, रिमोट द्या जरा."

"का? छान दिसतंय की."

मी ह्यांना फोन लावला. घरातली सगळी यंत्रं हे फोनवरून दुरुस्त करतात, उंटावरचे शहाणे. हे म्हणाले, "सेटिंगमध्ये जा, मग व्हिडिओ." मी गेले. चुकून रेझोल्यूशन बदललं आणि पडदा काळा ठिक्कर.

"घालवलंस लग्न!" बाबा ओरडले.

"काही दाबू नकोस, आपोआप येईल," हे म्हणाले. आणि खरंच, थोड्या वेळाने चित्र परत आलं. मग मला चित्राच्या लांबी-रुंदीची ओळ सापडली, आस्पेक्ट रेशो. तिथे 'झूम' निवडलेलं होतं, म्हणजे चित्र फुगवून वरखाली कापलेलं. मी एक घर खाली गेले, 'स्ट्रेच'.

सगळं वऱ्हाड एकदम आडवं सुटलं. काकांना कपाळ आलं, टेबलाला पाय आले, आणि सासूबाईंच्या पायाशी एक गोल गरगरीत बाई गुडघ्यांवर बसलेली दिसली.

"ही जाडी कोण?" बाबा म्हणाले.

आत्या वळल्या. उठून पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. "तोंडात सुई आहे तिच्या," त्या म्हणाल्या. "मी आहे ती. जाडी काय म्हणतोस?"

मी आणखी एक घर खाली गेले, 'मूळ'. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मधली माणसं आपापल्या अंगाची झाली. पायाशी बसलेली एक सडपातळ मुलगी पोशाखाची उसवलेली शिवण घालत होती. सासूबाईंनी एक पाय उचलला होता, आणि तोल जाऊ नये म्हणून त्यांचा हात त्या मुलीच्या डोक्यावर होता. मी चित्र तिथेच थांबवलं.

बाबा किती वेळ तो हात बघत होते. मग म्हणाले, "मी तिचा चेहराच बघत होतो गं. तू खाली आहेस, हे मला कळलंच नाही."

"मला वाटलं, तू कापलीस."

"फिल्म नाही कापली." बाबा भिंतीवरच्या फोटोकडे न बघता म्हणाले, "तो कापला. ते चुकलंच माझं."

बाबा उठले, खणातून मोजपट्टी काढली आणि टीव्हीपाशी गेले. मला वाटलं, आता पट्ट्यांवरून तक्रार. पण त्यांनी पट्ट्या सोडून फक्त मधलं चित्र मोजलं, आधी आडवं, मग उभं.

"सूनबाई, याचा फोटो निघेल ना? आहे एवढाच, पुरता. चौकट नंतर करतो."

"उशिरा का होईना, अक्कल आली," आत्या म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावला, आणि मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "त्या मागच्या खोलीत उजेड कुठल्या बाजूने येतो गं? मशीन खिडकीशी लागेल मला."