औषध म्हणवून घेतलेली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे, पण ऐरीगैरी नाही. माझ्याबरोबर भट्टीत भाजलेल्या चौघींना तडे गेले, मी मात्र खणखणीत निघाले. सुमिएबाईंनी मला घरी आणलं तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. आज त्या सत्तरीच्या आहेत, आणि इतक्या वर्षांत माझ्यातल्या उमेंना, म्हणजे खारवलेल्या आंबट फळांना, एकदाही बुरशी लागलेली नाही.

आमच्या किशू प्रांताच्या डोंगरउतारांवर उमेचीच झाडं. जूनमध्ये पिकलेली फळं माझ्यात भरायची, पाच भागांना एक भाग मीठ, वर दगड. मग लाल शिसोची, तुळशीसारखी सुवासिक, पानं घालायची आणि शेवटी फळांना तीन दिवस कडक ऊन दाखवायचं. ती आंबट-खारट उमे तोंडात टाकली की शेजारणी डोळे मिटून म्हणायच्या, बरणी असावी तर अशी. मी फुगून जायची. स्वभावच तसा माझा.

गावात सगळ्यांची एक ठाम समजूत होती. मांस, मासे आणि साके म्हणजे तांदळाची दारू, यांनी रक्त आंबट होतं, आणि उमे जिभेला आंबट असली तरी पोटात गेल्यावर तो आंबटपणा मारते. मीही ते खरं मानलं. औषध म्हणवून घ्यायला कोणाला आवडत नाही?

म्हणून सुमिएबाईंच्या यजमानांची, इसाबुरोंची, मूत्रपिंडं थकल्याचं तपासणीत निघालं, तेव्हा बाईंनी सरळ माझं झाकण उघडलं. रोज दोन उमे, मग चार, मग आठ. इसाबुरो संध्याकाळी सुक्या मासळीबरोबर साके घेत, वर उमे चघळत आणि म्हणत, झाली फिटंफाट. दोन महिन्यांत त्यांचे घोटे असे सुजले की चपला चढेनात. जिन्यावर धाप लागायला लागली.

गावच्या डॉक्टर मिहाराबाई घरी आल्या. सुमिएबाईंनी मोठ्या तोऱ्यात मला पुढे केलं. डॉक्टरांनी एक उमे चाखली, तोंड भरून कौतुक केलं आणि विचारलं, हे दिवसाला किती खातात? आकडा ऐकून त्यांनी इसाबुरोंचा सुजलेला घोटा दाबून पाहिला.

"काकी, उमेनं रक्ताचा आंबटपणा हलत नाही हो. तो फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. खाण्यानं बदलतो तो लघवीचा आंबटपणा. यांची मूत्रपिंडं दमलीत, आम्ल बाहेर टाकणं त्यांना जड जातंय. मासे-मांस कमी करा, भाज्या मी सांगेन तेवढ्याच वाढवा, म्हणजे भार हलका होईल. पण तुम्ही तर वरून मीठ लादताय, त्यानंच ही सूज. एका उमेत दोन ग्रॅम. यांना दिवसभरात सगळं मिळून सहाच चालतं."

"म्हणजे मीच यांना..." सुमिएबाईंनी मला मागे ओढून घेतलं.

मलाही फार लागलं. ते मीठ माझ्याच पोटातलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून उमे बागेत घाम गाळणाऱ्या मजुरांच्या भाताच्या गोळ्यात जाऊ लागल्या, एकाला एक. घरात आळणी रस्सा आणि उकडलेल्या भाज्या आल्या. इसाबुरो चिडले. म्हातारपणी सासुरवास सुरू झाला म्हणाले. एका दुपारी घरात कोणी नाही असं पाहून ते जेवणाच्या काड्या घेऊन माझ्याकडे आले. झाकण काढलं, तेवढ्यात दारात सुमिएबाई.

त्या रागावल्या नाहीत. "खा," म्हणाल्या. "फक्त पुढच्या वर्षी ही बरणी मी कोणासाठी भरू, तेवढं सांगून खा."

इसाबुरोंनी झाकण परत लावलं.

हिवाळ्यापर्यंत सूज उतरली. मूत्रपिंडं काही नवी झाली नाहीत, पण आणखी बिघडलीही नाहीत. आता एका उमेचे चार तुकडे होतात आणि डॉक्टरांच्या परवानगीनं कधीमधी एक त्यांच्या भातावर येतो. तो ते इतका वेळ पुरवून खातात की मला पूर्वीपेक्षा जास्त अभिमान वाटतो. मी औषध नाही. मी चव आहे, आणि तेही काही थोडंथोडकं नाही.

मित्रांनो, माझी निगा राखता तशी आपल्या मूत्रपिंडांचीही राखा. मला धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा भरता येतं. त्यांना नाही.