तेलुगूचा रिकामा खण

सावित्रम्माचं डोकं फिरलंय, असं मी त्या शनिवारी भर वाचनालयात म्हणाले. म्हणाले तर म्हणाले! सोमवारी पुण्याहून तपासणीचे साहेब येणार, आणि ही बाई कार्डांनी भरलेला खण टेबलावर उपसते?

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. आमच्या सोलापुरातल्या वाचनालयात जुन्या रजिस्टरातली पुस्तकं कार्डांवर उतरवायचं काम चाललं होतं. सावित्रम्मा ग्रंथपाल, मी अंबू, टायपिस्ट. साहेबांना कार्डांचं कपाट पसंत पडलं की वाचनालयाला वरचा वर्ग मिळणार आणि सावित्रम्माची टेंपररी नोकरी कायम होणार. दर वर्षी मुदतवाढीसाठी सेक्रेटरींच्या दारात उभं राहायचं, ते एकदाचं सुटणार होतं.

पण बाईची तऱ्हाच निराळी. रजिस्टर बघून टाइप केलेल्या कार्डावर तिचा विश्वास नाही. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन ताडून बघायची. वर आणखी, खण भरला की एखाद्या वाचकाला धरून आणायची. "तुमच्या आवडीचं पुस्तक ह्यातनं काढून दाखवा बघू." त्याला सापडलं तरच खण पास. मराठी पास झाला. कन्नड तर तिच्या घरचीच भाषा, तोही झाला.

शनिवारी तेलुगूच्या खणापुढं तिनं राजेशमला उभं केलं. हा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कामाला, वाचायचा लई नाद. त्यानं कार्डं चाळली, परत चाळली. "न्हाय की हो अम्मा."

पुस्तक तर मागं फळीवर होतं! सावित्रम्मानं काढून पुढ्यात ठेवलं, तसा राजेशम हसला. "तुमी नाव उलटं लावलंय. आमच्यात घराणं आधी, माणूस मागनं. मी येमूल राजेशम. राजेशम नावाखाली टाकलं तर माझ्या घरच्यांनी मला कुटं शोधायचं?"

नियम सावित्रम्मानंच केला होता. नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, तो कार्डावर आधी. मराठीला चालला म्हणून तेलुगूलाही लावला.

"अगं, साहेब पुण्याचे," मी म्हणाले. "त्यांना काय डोंबल कळतंय? सोमवार जाऊ दे, मग करू की सावकाश."

"त्यांना नाहीच कळणार. पण मधल्या दिवसात कुणी आलं, तर पुस्तक नाही म्हणून परत जाईल. खण रिकामा दिसला, तर निदान मला विचारेल तरी," ती म्हणाली आणि खण रिकामा केला.

एवढी कार्डं सोमवारपर्यंत नव्यानं होणं शक्यच नव्हतं, आणि साहेबांनी नेमका तोच खण ओढला. सेक्रेटरी सारवासारव करायला लागले, तेवढ्यात ही बोलली, "चूक माझी आहे साहेब. कार्डं चुकीची होती, मी काढली." साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेरा मारला, काम अपूर्ण. वर्ग वर्षभर पुढं गेला, तिची नोकरीही परत लटकली.

साहेब गेल्यावर माझा तोल सुटला. "एक दिवस तोंड मिटलं असतंस तर काय बिघडलं असतं? आता होतोय का पस्तावा?"

"होतोय की," ती कोरी कार्डं माझ्यापुढं सरकवत म्हणाली. "नियम करायच्या आधीच राजेशमला विचारायला पाहिजे होतं गं."

मी कपाळावर हात मारला. हसावं का रडावं कळेना. पण खरं सांगते, त्या घडीला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं मला.