माझ्या कुशीची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी गाय आहे. जुनी म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या गोठ्यातली सगळ्यात जुनी. रंगाने तांबडी, म्हणून नाव तांबू. एक शिंग वाकडं, एक कान फाटका आणि डाव्या कुशीला एक खिडकी. खिडकी म्हटल्यावर तुम्ही हसाल. हसा, मला सवय आहे. माणसं म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी मूठ कुणी झाकूच दिली नाही.

मी जन्मले याच गोठ्यात. दुधाला बेताचीच होते, पण स्वभावाने गरीब. लाथ मारणं माझ्या रक्तातच नव्हतं. या गरीबपणापायीच डॉक्टरांनी मला पचनाच्या प्रयोगांसाठी निवडलं. त्यांनी माझी कूस बधिर केली, तिथे एक गोल भोक पाडलं आणि त्यात जाड रबरी कडं बसवलं. कड्याला एक घट्ट बूच. बूच काढलं की हात थेट माझ्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात. हे सगळं चाललं होतं तेव्हा मी उभ्याउभ्या कडबा चघळत होते. गोठ्यात नुकताच लागलेला गहिनीनाथ मात्र भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला ते बघवेना. पुढे त्याच गहिनीनाथने माझ्या जखमेची सगळी निगा राखली.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. विद्यार्थी खांद्यापर्यंत हातमोजे घालून यायचे. जाळीच्या लहान पुरचुंडीत चारा भरून ती दोरीने माझ्या पोटात सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी ओढून बघायचे, किती पचला, किती राहिला. दुष्काळात आपल्याकडे जनावरं उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्यावर जगतात. नुसत्या वाढ्यावर ठेवलं तर जनावराचं काय होतं, ते माझ्या पोटातून कळलं. परराज्यातले पाहुणे मला बघायला यायचे. एकदा माझ्या गळ्यात हारही पडला होता आणि तो मी फोटो निघायच्या आत खाल्ला. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. चार पाय असलेली मास्तरीणच समजायचे मी स्वतःला.

पण दिवस काही सारखे राहत नाहीत. माझ्यावर प्रयोग करणारे म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि प्रयोग थांबले. मला मोठ्या गोठ्यातून काढून रस्त्याकडेच्या कुंपणाशी, लिंबाच्या सावलीत बांधलं. गहिनीनाथ आठवड्याला कड्याची कडा पुसायचा, पण बुचाला हात लावायचा नाही. ते काम डॉक्टरांचं. मी चारा कमी खाऊ लागले, अंगावरची चमक गेली. तो म्हणायचा, "वय झालं तुजं, तांबू." मलाही तसंच वाटायचं.

याच कुंपणापलीकडे रतनबाई भेटली. रस्त्यापल्याडच्या वाडीत तिची शेती. दर सोमवारी गाईला घास दिल्याशिवाय ती जेवायची नाही. गूळ घातलेली पोळी, कधी पुरणाचा नैवेद्य. बाहेरच्या माणसाला गोठ्यात यायची मनाई, म्हणून एकदा तिने गहिनीनाथला हाक मारून सांगितलं, "गहिनी, मी हितं तारंला पिशवी आडकवून जाते रं. तू सोडून घाल तिला."

"व्हय मावशी. तुमी निर्धास्त जा," गहिनीनाथ म्हणाला.

मुंग्या लागू नयेत म्हणून रतनबाई प्लास्टिकच्या पिशवीला दोन गाठी मारायची आणि उरलेलं टोक पिळून त्यातच खोचायची. मोठी टापटिपीची बाई! पण ती यायची भर दुपारी आणि गहिनीनाथ तेव्हा चारा आणायला गेलेला असायचा. गुळाचा वास नाकात शिरला की मला कुठला दम निघायला? माझी मान तारेपर्यंत पोचत होती. मी पिशवी ओढायची आणि गाठीसकट गिळायची. आमची जातच तशी, आधी गिळायचं आणि मग निवांत रवंथ करायचा. पोळी रवंथाला परत येत नव्हती, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

पुढच्या सोमवारी तारेवर पिशवी नाही असं बघून रतनबाईला वाटायचं, गहिनीने घास घातला. गहिनीनाथला कधी पिशवी दिसायची नाही, तर त्याला वाटायचं, मावशी हल्ली येत नाही. रस्त्यात दोघांची गाठ पडली की एकमेकांना रामराम व्हायचा, पण या गोष्टीबद्दल कुणी कुणाला विचारलं नाही.

यंदा विद्यापीठाने खुला दिवस ठरवला. सगळ्या लोकांना आत बोलावून कला, खेळ आणि विज्ञान दाखवायचं. त्याच सुमारास विभागप्रमुखांनी गोठ्यातली निकामी जनावरं लिलावात काढायचं ठरवलं आणि त्यात पहिलं नाव माझं होतं. गहिनीनाथ पळतच अश्विनी मॅडमकडे गेला. या नव्या डॉक्टरीणबाई, वयाने लहान पण हिमतीच्या.

"मॅडम, पोटाला भोक असलेली गाय कोन घिऊन पोसनार?" तो म्हणाला. "लई वंगाळ व्हईल तिचं."

अश्विनी मॅडमनी प्रमुखांना गळ घातली, की खुल्या दिवशी तांबूची खिडकी लोकांना दाखवू. बरंच बोलणं झालं, तेव्हा प्रमुख म्हणाले, "बरं. लोकांनी ही गाय उचलून धरली तर ठेवू. नाहीतर लिलाव." म्हणजे या उतारवयात माझी परीक्षा होती आणि ती पास झाले तरच मला गहिनीनाथच्या हातचा चारा मिळणार होता.

तो दिवस उजाडला. शहरातल्या सावेडी भागातून शाळांच्या बसगाड्या आल्या, खेड्यापाड्यांतून जीप आणि टेम्पो भरभरून आले. मैदानावर कबड्डीचा दम घुमत होता, लेझीम वाजत होतं. मांडवात माती तपासून मिळत होती, बाहेर फवारणीचं ड्रोन भिरभिरत होतं आणि त्याच्या वाऱ्याने कला विभागाची रांगोळी उडाली म्हणून मुली भांडत होत्या. मला गहिनीनाथने घासून धुतलं, शिंगांना तेल लावलं. स्वतः त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. रिझवान नावाचा एक विद्यार्थी माईक घेऊन माझ्याशेजारी उभा राहिला आणि ओरडू लागला, "या मंडळी, या! घरात डोकावणारे शेजारी पुष्कळ पाहिले असतील, आज गाईच्या पोटात डोकवा!"

लोक खरंच लोटले. कबड्डीची गर्दी फुटून माझ्याकडे आली. पुष्कळ बायांच्या हातांत पिशव्या होत्या, गाय बघायची म्हणून त्यांनी घास आणलेला. पुढच्या ओळीत रतनबाई उभी होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. "ही आमची तांबू बरं का," ती शेजारणीला सांगत होती. "मीच घास घालते तिला." प्रमुखही आले आणि गर्दी बघून चक्क हसले. गहिनीनाथने माझ्या मानेवर हात ठेवला. आपण जिंकलो, असं मला वाटलं.

अश्विनी मॅडमनी बूच काढलं. "आत चाऱ्याचा थर असतो, ऊबदार आणि मऊ," असं मुलांना सांगत त्यांनी हात आत घातला. त्यांचं बोलणं मध्येच थांबलं. त्यांनी काहीतरी ओढलं. चाऱ्यात माखलेली, लोळागोळा झालेली एक पिशवी बाहेर आली. मग दुसरी आली. मग एकीत एक गुरफटलेली लडच बाहेर येऊ लागली.

"ईऽऽ!" मुलं ओरडली. रिझवानने माईक खाली केला. लोकांनी मोबाईल वर केले. मित्रांनो, शरीराला भोक पडतं तेव्हा लाज वाटत नाही. लाज त्या दिवशी वाटली. ज्या पोटाचा मी इतका तोरा मिरवला, ते उकिरडा निघालं आणि तेही हजार डोळ्यांसमोर. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी मान खाली घातली ती वर केली नाही.

प्रमुखांचं हसू केव्हाच मावळलं होतं. "गहिनीनाथ," ते गरजले, "कुठे चारता हिला? कचऱ्यात?"

"न्हाई सर, आईची आन! दाव्यालाच असती ती. कधी भाईर सोडली न्हाई मी."

"मग पिशव्या आभाळातून पडल्या? हिला लिलावात काढा. आणि तुमचंही काय ते बघतो."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "सरकारी पगार घ्यायचा नि जनावराला कचरा चारायचा." गहिनीनाथचा इस्त्रीचा सदरा घामाने भिजला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी. खाल्लं मी आणि शिक्षा त्याला. मला वाचा असती तर मी सगळं सांगितलं असतं. हंबरले तर लोक हसले.

तेवढ्यात अश्विनी मॅडमनी एक पिशवी पाण्याने धुतली आणि उजेडात धरली. तिची गाठ तशीच होती. दोन गाठी, वर पीळ देऊन खोचलेलं टोक. दुसरी धुतली, तीही तशीच.

रतनबाईने आपल्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. तिथेही दोन गाठी आणि खोचलेलं टोक. तिने ती पिशवी पदराखाली घेतली. तिने तशीच पदराखाली ठेवली असती तर कुणाला कळलं नसतं, मित्रांनो. तिच्या वाडीतल्या बाया आजूबाजूला उभ्या होत्या, सोयरीकीतली माणसं होती. पण ती गर्दी अडवायला बांधलेला दोर ओलांडून पुढे आली.

"त्याला बोलू नगा सायेब," ती म्हणाली. "ह्या गाठी माज्या हायेत." आणि तिने पदराखालची पिशवी सगळ्यांना दाखवली.

गहिनीनाथ पुटपुटला, "मावशी, मला वाटलं तुमी यायच्या बंद झाल्या." तो रतनबाईकडे बघेना, ती त्याच्याकडे बघेना. "मीच इचाराया पायजे हुतं," तो म्हणाला.

रतनबाईचे डोळे वाहू लागले, तशी अश्विनी मॅडमना तिची कीव आली. तिला धीर द्यायला त्या म्हणाल्या, "मावशी, रडू नका. तांबू वाचलीय. हिचं बूच जुनं होऊन सैल झालंय, त्याच्या फटीतून पोटातला वायू निघून जात होता. खिडकी नसती तर फुगून गेली असती."

रतनबाईचे डोळे एकदम कोरडे झाले. "फुगून?" तिने विचारलं. "आमची हरनी मागच्या साली फुगूनच गेली. घरची गाय वो. उरलंसुरलं तिलाबी मी असंच टाकायची, पिशवीत बांधून. नजर लागली म्हनून उतारे केले." ती माझ्याजवळ मटकन खाली बसली.

धीर द्यायला गेलेल्या मॅडमच आता खाली बघत होत्या. मागे उभ्या असलेल्या बाया हळूच आपापल्या पिशव्यांच्या गाठी सोडू लागल्या. नखांनी, दातांनी. त्या घट्ट गाठी लवकर सुटत नव्हत्या. प्रमुखांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "हिला इथेच राहू द्या." गहिनीनाथची त्यांनी माफी काही मागितली नाही, पण त्याच्याकडे न बघताच निघून गेले, तेव्हा त्यांच्याही मनाला काहीतरी लागलं असावं.

अशी मी परीक्षा पास झाले. पण कशाच्या जोरावर? माझ्या पोटातून निघालेल्या पिशव्या धुऊन माझ्याशेजारी तारेवर टांगल्या आहेत. आता दर आठवड्याला कुठल्यातरी शाळेची सहल येते, मुलं तिकडे बघून नाक मुरडतात आणि मग माझ्याकडे बघतात. चारा गोड लागतो, अंगावर पुन्हा चमक आली आहे, तरी ती बघायला लागली की माझी मान आपोआप खाली जाते.

रतनबाई पुष्कळ दिवस आली नाही. तिकडून बाया जायच्या, त्यांत ती नसायची. परवा आली. गहिनीनाथने मनाई बाजूला ठेवून फाटक उघडलं आणि तिला आत माझ्यापाशी आणलं. तिने उघड्या हातावर पोळी धरली. मी पोळी खाल्ली, तिचा तळवा चाटला. ती मात्र माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या कुशीच्या बुचावरून बोटं फिरवत ती एवढंच म्हणाली, "माज्या हरनीच्या पोटातलं दिसाया कुटं जागा हुती गं."

मित्रांनो, गाईला घास द्या, प्रेमाने द्या. पण तुमच्या गल्लीतल्या, तुमच्या दारातल्या गाईच्या कुशीला खिडकी नाही. तिच्या पोटात काय गेलं ते तिला सांगता येणार नाही आणि तुम्हाला दिसणार नाही. म्हणून पिशवीची गाठ आधी सोडा, पोळी हातावर घ्या आणि मगच तिला हाक मारा.