डाव्या हाताचं घड्याळ

संध्याकाळी सहाला शुश्रूषागृहातून बाहेर पडलं की जोझियान वडिलांचं घड्याळ स्वतःच्या डाव्या मनगटावर चढवायची आणि हात हलवत घरी निघायची. चालताना सगळ्यांचा हलतो तसा नव्हे, चांगला खांद्यापासून, कवायतीला निघाल्यासारखा. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावचे रस्ते एक तर चढाचे नाहीतर उताराचे, आणि मार्चमध्ये कडेचा बर्फ काळा पडून घट्ट झालेला. उजव्या हातात पिशवी, डावा हात मागे-पुढे. चीजच्या दुकानाची रोलाँद शटर ओढता ओढता रोज काहीतरी बोलायचीच.

"काय गं, सैन्यात घेतलं की काय तुला या वयात?"

"खांदा धरतोय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग दोन्ही हलव की. एकच म्हातारा झालाय होय?"

जोझियान हसल्यासारखं करायची आणि पुढे जायची. उत्तर द्यायचं म्हणजे थांबावं लागलं असतं, आणि थांबलं की पुन्हा निघणं जिवावर यायचं. दिवसभर वाचनालयात उभं राहून तिच्या पोटऱ्या भरून आलेल्या असत. घरी गेल्यावर घड्याळ हातात ठेवूनच ती भाजी चिरायची, जिना झाडायची, अंडी नको असली तरी फेटायची. झोपतानाही काढायची नाही. सकाळी साडेसातला, वाचनालयात जायच्या आधी, ते पुन्हा वडिलांच्या मनगटावर बांधायची.

हे सुरू झालं फेब्रुवारीत. तिचे वडील, व्हिर्जिल कालाम, चाळीस वर्षं इथल्या एका कारखान्यात घड्याळांची चाल बसवायचं काम करत होते. तयार झालेलं घड्याळ दिवसात किती सेकंद पुढे जातं, किती मागे पडतं, ते पाहायचं आणि नीट करायचं. निवृत्तीच्या वेळी त्यांनी स्वतः चाल बसवलेलं एक घड्याळ त्यांना मिळालं. साधंच, स्टीलचं, तारीख दाखवणारं, ऑटोमॅटिक. त्याला चावी द्यावी लागत नाही. आत एक जड अर्धगोल चकती असते, हात हलला की ती फिरते आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. हात हललाच नाही तर चाळीसेक तासांत घड्याळ बंद.

अर्धांगवायूच्या दुसऱ्या झटक्यात त्यांची डावी बाजू गेली. दोन दिवसांनी ती दुपारी भेटायला आली तेव्हा ते झोपलेले होते आणि मनगटावरचं घड्याळ थांबलेलं होतं. तिनं फार विचार केला नाही. जागे झाल्यावर त्यांना बंद घड्याळ दिसू नये, एवढंच मनात होतं. तिनं ते काढलं, हलवलं, वेळ लावली आणि परत बांधलं. तासाभरानं ते उठले. उजव्या हातानं त्यांनी डावं मनगट उचलून डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"चालतंय," ते म्हणाले.

"हो, पपा."

"मग हात हलतोय. झोपेत हलत असणार. नाहीतर हे चालेल कसं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण खोलीत फिलोमेना होती, त्यांचं सगळं करणारी पोर्तुगीज बाई, आणि ती टाळी वाजवून म्हणाली, "बघा, मस्यू कालाम, मी म्हटलं नव्हतं?" ते गालात हसले, अर्ध्याच गालात, आणि जोझियानचं सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यायाम करून घेणाऱ्या मुलीला सांगितलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. व्हिर्जिल म्हणाले, माणसाला सांगता येत नसेल, घड्याळाला येतं.

तेव्हापासून ती अडकली. शुश्रूषागृहातल्या एका बाईची अंगठी मध्यंतरी हरवली होती, त्यामुळे संध्याकाळी अंग पुसताना काढलेलं घड्याळ ती रात्रीपुरतं घरी नेते याचं कुणाला नवल वाटलं नाही. घड्याळ उजव्या हाताला बांधू या का, हे तिनं एकदा विचारून पाहिलं होतं.

"उजव्या हातानं काम करायचं असतं," ते म्हणाले. "घड्याळ डाव्याला. आणि डावा काही मेलेला नाही."

मार्चच्या शेवटी तिचा भाऊ थिएरी जिनिव्हाहून आला. त्याच्याकडे चार ऑटोमॅटिक घड्याळं आहेत आणि ती ठेवायला काचेच्या झाकणाची पेटी आहे. विजेवर चालते, घड्याळांना हळूहळू फिरवत राहते. बहिणीची कवायत पाहून आणि तिचं कारण ऐकून त्याला तिची काळजी वाटली, आणि वडिलांच्या खोलीत बसून त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "पपा, त्या फिरत्या पेट्या येतात ना, त्यांच्याबद्दल तुमचं काय म्हणणं?"

"ज्याला चार घड्याळं आणि एकच डावा हात, त्याच्यासाठी आहेत," व्हिर्जिल म्हणाले. "तुझ्यासारख्यांसाठी."

"म्हणजे उपयोग नाही?"

"कशाला उपयोग? थांबलं म्हणून घड्याळ बिघडत नाही. झोपतं. घालायचं असेल तेव्हा उठवावं, वेळ लावावी, संपलं. वार, महिना, चंद्र असलं सगळं दाखवणारं असेल तर ठीक आहे, ते पुन्हा लावण्यात अर्धा रविवार जातो. एरवी रिकाम्या खोलीत गोल गोल फिरवून आतलं तेल कुणासाठी संपवायचं?" मग जीभ जरा सैल पडलेली असूनही त्यांनी नीट उच्चार करत म्हटलं, "घड्याळाला माणूस लागतो, थिएरी."

"वेळ लावायचा कंटाळा येतो हो."

"कंटाळा हे खरं कारण आहे. तेवढंच म्हण, मग माझी हरकत नाही."

खाली उतरल्यावर थिएरीनं गाडीतून एक छोटी, एका घड्याळाची पेटी काढली आणि तिच्या हातात ठेवली. तायोल नावाचा इकडचा गोड पावही होता, पण ती पेटीकडेच बघत राहिली.

"जो, तू आरशात बघितलंस का स्वतःला? रात्री यात ठेव, सकाळी काढ. त्यांना काय कळणारे?"

"त्यांना?"

"बरं, कळेल. पण तू तरी झोपशील."

पुढे जूनमध्ये, वडील गेल्यावर त्यांची खोली रिकामी करताना, त्यानं विचारलं की पेटीचा उपयोग झाला ना. ती म्हणाली, झाला, पेटी चांगली आहे. खोटं नव्हतं ते. पेटी मिळाली त्या रात्री तिनं घड्याळ तिच्यात ठेवलं, बटण दाबलं, आणि आत ते आवाज न करता फिरू लागलं. ती खुर्चीत बसली आणि तिला काहीही करायचं उरलं नव्हतं. आठ आठवड्यांत पहिल्यांदा ती नऊ तास झोपली. सकाळी मनगट मोकळं पाहून तिला चोरी केल्यासारखं वाटलं, पण पाय दुखत नव्हते. संध्याकाळचं चालणंही तिनं सोडलं नाही, नाहीतर रोलाँदनं कारण विचारलं असतं. घड्याळ आता पिशवीत असायचं, आणि नुसता हात मात्र हलवेनासा झाला.

आठवड्याभरानं व्हिर्जिलनी तिला जवळ बोलावलं. दुपारी साडेबाराच्या रेडिओच्या ठोक्यांशी ते रोज घड्याळ ताडून बघत, ही त्यांची जुनी सवय.

"आधी चाल डगमगायची," ते हळू आवाजात म्हणाले, फिलोमेनाला ऐकू जाऊ नये म्हणून. "एक दिवस तीन सेकंद मागे, एक दिवस चार पुढे. आता रोज दोन पुढे. रोज, बरोबर दोन. कळतंय ना तुला?"

"काय?"

"स्प्रिंग पूर्ण भरतेय. हात नेमानं हलायला लागला."

त्यांनी उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं एकेक करून सरळ केली आणि चादरीवर नीट मांडून ठेवली. व्यायामाच्या मुलीकडून ते आता जास्तीची दहा मिनिटं मागून घेत. थकून चेहरा राखेसारखा होई, तरी मागत. जोझियान हे पाहायची आणि रात्री घड्याळ पेटीत ठेवायची.

एप्रिलच्या मध्यावर तिनं इस्त्रीसाठी पेटीची पिन काढली आणि परत लावायला विसरली. दोन रात्री घड्याळ काचेखाली नुसतं पडून होतं. ती आता पेटीत बघतही नसे, ठेवायचं आणि काढायचं, इतकंच. सतरा तारखेच्या सकाळी काढलं तर काटे अकरा वीसवर थांबलेले, तारीख सोळा. घड्याळात सात पंचवीस लावायचे होते आणि तिला उशीर झाला होता. तारीख सरळ सतरावर ढकलली, काटे अकरा वीसवरून मागे सात पंचवीसवर आणले, जवळचा रस्ता म्हणून. घड्याळजीच्या लेकीनं करू नये अशी चूक. आदल्या रात्रीचे अकरा वीस मागे नेले म्हणजे संध्याकाळचे सात पंचवीस होतात. घड्याळाच्या लेखी आता सकाळ नव्हतीच. हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिनं ते नेऊन बांधलं, वडिलांच्या कपाळावर हात ठेवला आणि वाचनालय गाठलं.

संध्याकाळी ती आली तेव्हा रेडिओ बंद होता. फिलोमेना दारातच म्हणाली, "आज सूपला हात लावला नाही. व्यायामही नको म्हणाले. बघा तुम्ही."

ती खुर्ची ओढून बसली. ते खिडकीकडे पाहत होते.

"सूप बाराला येतं," ते म्हणाले. "उशीर झाला का बघायला मी घड्याळ बघितलं. माझ्या डोळ्यांदेखत सतराची अठरा झाली. भर दुपारी."

तिनं त्यांच्या मनगटाकडे पाहिलं, तारखेच्या चौकटीत अठरा होती.

"कुणीतरी काटे मागे फिरवले. म्हणजे ते थांबलं होतं."

"हो, पपा."

"आजच?"

अजूनही हो म्हणता आलं असतं. एकदाच थांबलं म्हणता आलं असतं. पण ते सांभाळून न्यायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "तुमच्या हातावर ते कधीच चाललं नाही. मी रात्री घालत होते. नंतर थिएरीनं पेटी दिली."

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिच्यावरच्या ताटल्या वाजत होत्या. तो आवाज पार जिन्यापर्यंत गेला.

"रोज दोन सेकंद," व्हिर्जिल म्हणाले. "रोज तेवढेच. हात इतका नेमानं हलत नाही, जोझियान. कुणाचाच नाही. हे मला कळायला हवं होतं. मी जन्मभर हेच केलंय." मग म्हणाले, "कळून घ्यायचं नव्हतं."

"मी सांगायला हवं होतं."

"डॉक्टरांना मी काय काय बोललो."

"ते विसरले असतील."

"नसतील विसरले. चांगला माणूस आहे, बोलला नाही." त्यांनी डावा हात उचलून तिच्यापुढे ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. "काढ."

तिनं पट्टा सोडला. मनगटावर पांढरा वळ उमटला होता.

"आता नीट लाव. किल्ली ओढ. पुढे फिरव, मागे नाही. बारा तास, पुरते. तारखेला हात लावू नकोस, रात्री नऊ ते तीनच्या मध्ये तर कधीच नाही, चाकांचे दात तुटतात. हे तुला दहा वर्षांची असताना शिकवलं होतं."

"माहीत होतं."

"माहीत होतं म्हणे."

तिनं काटे पूर्ण एक फेरी पुढे नेले. तारीख अठराच राहिली, एक दिवस पुढे. उद्या सकाळी अठराच असायला हवी, पण मध्यरात्री ती एकोणीस होईल, मग काय करायचं, असा तिचा गोंधळ त्यांच्या लक्षात आला आणि ते पहिल्यांदा तिच्याकडे पाहून बोलले, "राहू दे. तारीख मागे जात नाही, सकाळी उजेडात पूर्ण महिना पुढे फिरवून अठरावर आण. आता बांध."

तिनं सवयीनं डावा हात घेतला.

"तो नाही," ते म्हणाले.

उजव्या मनगटावर पट्टा एक भोक पुढे बसला. तो हात भरलेला होता, जिवंत होता. त्यांनी तो दोनदा हलवला आणि कानाजवळ नेला. आतली चकती फिरल्याचा बारीक आवाज तिलाही ऐकू आला. मग त्यांनी हात चादरीवर ठेवला, डाव्या हाताशेजारी. दोन्ही हातांकडे पाहण्याचं त्यांना कारण उरलं नव्हतं आणि ते पुन्हा खिडकीकडे पाहू लागले.

ती कोट घालायला उठली.

"चालत जातेस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"रोज?"

"रोज."

"एवढा चढ." ते म्हणाले. "आता बसनं जात जा."

सहा वाजून वीस मिनिटांची बस होती. ती थांब्यावर जाऊन बसली. समोरच्या उतारावरून रोलाँदच्या शटरचा आवाज आला, आणि कितीतरी वेळ ती कुणाच्याही नजरेत न भरता, दोन्ही हात मांडीवर ठेवून, तशीच बसून राहिली.